एक भोपळा म्हणजे दहा : मुलांना माहितीचित्रं वाचायला कशी शिकवायची

फळ्यावर मी तक्ता लावला होता. चार वारांची नावं, प्रत्येक वारापुढे भोपळ्याची छोटी छोटी चित्रं आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं : एक चित्र = १० भोपळे. ‘सोमवारी किती भोपळे विकले?’ असं विचारल्यावर चौथीचा सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘चार!’ धडा घडाघडा वाचणारी मुलं ही. मी तीनदा विचारलं, तीनदा चारच. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. ‘बाई, चार भोपळ्यांसाठनं कोण बाजारला जातंय वो?’

तिनंही कोपरा वाचलेला नव्हता. पण तिचे वडील भाजी घेऊन कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात बसतात, त्यामुळं चार हा आकडा तिच्या घशाखाली उतरेना. ती पुढे आली, तक्त्याला नाक लावून शोधू लागली आणि कोपऱ्यातली ओळ तिला सापडली. त्यावर दुसऱ्या एकाचा आक्षेप : ‘भोपळा म्हणजे शून्य की बाई, दहा कसं काय?’ परीक्षेत भोपळा मिळतो तो हा. त्याचंही चूक नव्हतं.

त्या दिवसापासून माझी पद्धत उलटी झाली. आधी मी तक्ता लावायचे आणि मग समजावत बसायचे. आता आधी वस्तू हातात देते. वस्तू ओळखीची असली की मुलाला चित्रावर शंका येते, आणि शंका आली की ते आपण न सांगता कोपरा वाचतं. पुढे जे लिहिलंय ते करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर काही वर्षं करून पाहिलेलं आहे. साधारण सात-आठ तासिका लागतात. एका आठवड्यात उरकायच्या मागं लागू नका, दोन आठवडे जाऊ द्या. घरी एकट्यादुकट्या मुलाबरोबरही हे जमतं, फक्त भोपळा लहान घ्या.

आधी भोपळा आणा

मंडईत तांबडा भोपळा फोडी करून पाव-अर्धा किलोनं विकतात. आपल्याला अख्खा लागतो, तो मागून घ्यावा लागतो. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत सकाळी लवकर गेलात तर मिळेल. तीन ते चार किलोचा पुरतो. देठ शाबूत असावा, सालीत नख रुतू नये आणि शिरा ठळक असाव्यात, कारण मुलं त्या मोजणार आहेत. बाकी सामान शाळेत असतंच : सुतळी, पट्टी, रद्दी, चौकटीच्या वहीचे कागद. सुरी मात्र मोठ्यांच्याच हातात. आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा कुणाकडून तरी मागून आणा. आमच्या एका पालकांनी घरातला स्वयंपाकाचा काटा दिला. गुजरीतल्या सराफासारखा नसला तरी चालतो.

तक्ते कुठले घ्यायचे? इंटरनेटवर ‘पंपकिन’ म्हणून शोधलंत तर शेकड्यांनी निघतील. बहुतेक इंग्रजीत, बहुतेक नारिंगी आणि निम्म्यांना डोळे-दात कोरलेले. त्यातले चार प्रकार निवडा : भाग दाखवणारी आकृती, जीवनचक्र, आकड्यांचा तक्ता आणि नकाशा. मजकूर मराठीत लिहून वर चिकटवा.

इथं मी एकदा चांगली तोंडावर पडले. रंगीत तक्ता निवडला, झेरॉक्स काळ्या-पांढऱ्यात काढली आणि वर्गात वाटली. कोणता रंग म्हणजे काय हे सांगणाऱ्या कोपऱ्यातल्या सूचीत ‘पिवळा = नर फूल, केशरी = मादी फूल’. झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी. मुलं दहा मिनिटं इमानदारीनं शोधत बसली, कुणी तक्रारही केली नाही. तेव्हापासून झेरॉक्स काढायची असेल तर रंगांऐवजी रेघा, ठिपके आणि जाळी काढून घेते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, त्याचीही सोय होते.

नाव वाचा : कुठला भोपळा?

तक्त्याचं शीर्षक मुलं वाचतच नाहीत, थेट चित्रावर उडी मारतात. म्हणून पहिला तास फक्त शीर्षकाचा. फळ्यावर ‘भोपळा’ लिहायचं आणि प्रत्येकानं मनात आलेला भोपळा काढायचा. आमच्या वर्गात तीन प्रकार निघाले : लांबट हिरवा दुधी, चपटा शिरांचा तांबडा भोपळा आणि पांढरट भुकटी धरलेला मोठा कोहळा. कोहळा काढणाऱ्यानं कारण सांगितलं, ‘टेंबलाईला फोडत्यात तो.’ ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडतात, हे कोल्हापूरच्या पोराला सांगावं लागत नाही.

तिन्ही एकाच कुळातले वेल, पण गण वेगळे. तांबडा भोपळा कुकुरबिटा, दुधी लॅजेनेरिया, कोहळा बेनिनकासा. ही नावं पाठ करून घ्यायची नाहीत. एवढंच दाखवायचं की तक्त्याच्या डोक्यावरचा एक शब्द वाचला नाही तर खालचं सगळं दुसऱ्याच भाजीबद्दल असू शकतं. ‘भाजी का फळ?’ हे भांडण इथंच निघतं. वनस्पतिशास्त्रात फळ, मंडईत भाजी. दोन्ही खरं. पुढे चला.

भाग दाखवणारी आकृती आणि छेदाचं कोडं

कापण्याआधी मुलांना आत काय असेल ते काढायला सांगा. हे टाळू नका, कारण आपण काढलेलं चुकलं की पुढचं लक्षात राहतं. बहुतेक जण बिया कलिंगडासारख्या गरभर पसरून काढतात. मग भोपळा आडवा कापा. मध्ये पोकळी, त्यात ओले पिवळे धागे, धाग्यांना लोंबणाऱ्या बिया, भोवती गर, बाहेर साल. वर्गात एकदम शांतता होते आणि मग वास घ्यायला झुंबड.

आता खरी अडचण. पुस्तकातल्या आकृतीत भोपळा उभा कापलेला असतो आणि आपला आडवा. मुलांना ही दोन वेगळी फळं वाटतात. माझ्या वर्गातल्या एकाला तर छेदाची आकृती म्हणजे ‘किडका भोपळा’ वाटली होती, आतून पोखरलेला. म्हणून एका अर्ध्या भागाला पुन्हा उभा काप द्या, दोन्ही काप शेजारी ठेवा आणि मुलांना पुस्तकातल्या आकृतीशी जुळवायला लावा : ‘हे चित्र काढणाऱ्यानं सुरी कुठून चालवली?’ मुलं हवेत हात फिरवून सुरी चालवून दाखवतात. तो हात नीट फिरला की छेद समजला. व्याख्येची गरज पडत नाही.

यानंतर नावांच्या रेघा. आकृतीतल्या ‘बी’ या शब्दापासून निघालेली रेघ कुठं थांबते हे फार थोडी मुलं बघतात. शब्द चित्राच्या ज्या बाजूला लिहिलाय, तिथलाच भाग त्यांना त्याचा वाटतो. ‘धागे’ हा शब्द सालीच्या शेजारी छापला असेल तर साल म्हणजे धागे. उपाय साधा आहे : बोट शब्दावर ठेवायचं, रेघेवरून घसरत न्यायचं आणि रेघ संपेल तिथं थांबून मोठ्यानं नाव घ्यायचं. लहान वर्गात मी हे खऱ्या भोपळ्यावरच करते. काडेपेटीच्या काड्या टोचायच्या, काडीला सुतळी, सुतळीच्या टोकाला चिठ्ठी. सुतळ्या मुद्दाम एकमेकींवरून ओढायच्या म्हणजे गुंता होतो आणि माग काढावा लागतो.

बिया मोजा : चित्रालेख

हा भाग सगळ्यांत रंगतो, त्याला दोन तासिका द्या. सगळ्या बिया काढून, धुऊन, रद्दीवर पसरून सहा गटांत मूठ-मूठ वाटायच्या. मोजायच्या कशा हे सांगायचं नाही. पहिल्या फेरीत गोंधळ होतो, दोघांचे आकडे जुळत नाहीत, मग कुणाला तरी दहा-दहाचे ढीग सुचतात. ते सुचेपर्यंत थांबा. एक बी = एक अशी चित्रं काढायला कागद पुरणार नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. ‘एक चित्र = १०’ हा नियम त्यांना तेव्हा हवासा वाटतो. पहिल्या दिवशी तोच नियम त्यांना दिसलासुद्धा नव्हता.

आमच्या एका भोपळ्याचे आकडे वहीत आहेत : ७२, ५८, ६५, ४९, ८१, ६१. एकूण ३८६ बिया. ठरलं असं की दहाला एक पूर्ण बी काढायची, पाचला अर्धी, आणि मधले आकडे जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण चित्रात बसवायचे. म्हणजे ७२ ला सात बिया, ५८ ला सहा, ६५ ला साडेसहा, ४९ ला पाच, ८१ ला आठ, ६१ ला सहा. तक्ता भिंतीवर लागला. दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन वाचून गेली, त्यांनी साडेअडतीस चित्रं मोजली आणि सांगितलं, ‘तीनशे पंच्याऐंशी.’

आमच्या वर्गात खळबळ. एक बी कुठं गेली? खिसे तपासले गेले. एकीनं छातीठोकपणे सांगितलं, ‘मी दोनदा मोजलो बाई, एकसष्टच हाय.’ (कोल्हापुरातल्या पोरी ‘मी मोजलो’ म्हणतात. ते दुरुस्त करायला ही वेळ नव्हे.) शेवटी एकेक ओळ मूळ आकड्याशी ताडली तेव्हा उलगडलं : ७२ तले दोन गेले, ५८ ला दोन मिळाले, ४९ ला एक मिळाला, ८१ चा एक गेला, ६१ चा एक गेला. हिशेब फळ्यावर मांडला आणि हरवलेली बी सापडली.

चित्र ठोकळ असतं हे मी सांगितलं असतं तर मुलांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. त्या एका बीनं ते काम केलं. तुमच्या भोपळ्याचे आकडे वेगळे येतील. बेरीज नेमकी जुळली तर एक मूठ बिया काढून ठेवा आणि पुन्हा करा.

सहावीत स्तंभालेख येतो तेव्हा ‘प्रमाण : १ सेमी = १० बिया’ ही ओळ याच मुलांना ओळखीची वाटते. हेच आकडे चौकटीच्या कागदावर उभ्या पट्ट्यांनी रंगवून घेतले तर तेवढी तयारी चौथीतच होते.

जीवनचक्र आणि बाणांची भानगड

जवळजवळ प्रत्येक तक्त्यात तेच वर्तुळ असतं : बी, अंकुर, वेल, फूल, फळ आणि पुन्हा बी. मध्ये सारख्या लांबीचे बाण. आपल्याला ते इतकं सवयीचं झालंय की त्यात वाचण्यासारखं काही आहे हे विसरायला होतं. मुलाला विचारून बघा, ‘हा बाण काय सांगतोय?’ कुणी म्हणतं ‘जातंय’, कुणी ‘बघतंय’, कुणी ‘खातंय’, कारण अन्नसाखळीत बाणाचा अर्थ तसा काहीतरी होता. इथं बाण म्हणजे ‘काही दिवसांनी याचं ते होतं’. प्रत्येक बाणावर मुलांकडून क्रियापद लिहून घ्या : रुजतं, वाढतं, फुलतं, धरतं, पिकतं. ज्या बाणावर क्रियापद सुचत नाही तिथं समजायचं की काहीतरी वाचायचं राहिलंय.

दुसरी फसवणूक लांबीची. बी ते अंकुर आठवडाभराचं काम, आणि फूल ते पिकलेलं फळ यात दोन महिने जातात. वर्तुळात दोन्ही बाण सारखेच. यासाठी सुतळी काढा. एक दिवस = एक सेंटिमीटर. भोपळा जातीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे ९० ते १२० दिवसांत तयार होतो, आम्ही ११० धरले. सुतळी वर्गाच्या भिंतीवर आडवी लावली. सात सेंटिमीटरवर अंकुराची चिठ्ठी, पंचेचाळिसावर पहिली फुलं आणि थेट टोकाला भोपळा. मधल्या रिकाम्या सुतळीकडं बघून एकानं विचारलं, ‘एवढे दिवस ते काय करत असतंय?’ माझ्या मते हा त्या तासाचा सर्वांत चांगला प्रश्न होता. तक्ता त्याबद्दल गप्प असतो.

शाळेच्या परसबागेत वेल असेल तर हा भाग तिथं करा, पण वेळ सांभाळा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. साडेदहाची शाळा भरून प्रार्थना, हजेरी होईपर्यंत फुलं मान टाकायला लागलेली असतात. शनिवारी सकाळची शाळा असते, तो दिवस धरा. एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं दिसतील. नर फूल नुसत्या लांब देठावर असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली गोटीएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. भजीसाठी फुलं खुडणाऱ्या जाणत्या बाया नर फुलंच का घेतात, हे घरी विचारून यायला सांगा.

मग वर्गात येऊन तक्त्याकडं पुन्हा बघायचं. त्यात एकच फूल आहे. मधमाशी तर नाहीच. ती आली नाही तर मादी फुलाखालची गोटी पिवळी पडून गळते, म्हणजे तक्त्यातला पुढचा बाण खोटा ठरतो. आमच्या पोरांनी छापील तक्त्यावर पेन्सिलीनं मधमाशी काढली. तक्ता खराब झाला म्हणून माझी सहकारी नाराज झाली. मला तो आधीपेक्षा चांगला वाटतो.

आकड्यांचा तक्ता : एककं वाचा

‘१०० ग्रॅम कच्च्या भोपळ्यात काय असतं’ असा तक्ता घ्या. साधारण आकडे असे : पाणी ९२ ग्रॅम, कर्बोदकं साडेसहा ग्रॅम, प्रथिनं १ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ०.१ ग्रॅम, पोटॅशियम ३४० मिलिग्रॅम, ऊर्जा २६ किलोकॅलरी. आणि एकच प्रश्न विचारा : ‘यात सगळ्यांत जास्त काय आहे?’

‘पोटॅशियम!’ हे उत्तर येणारच. ३४० हा आकडा सगळ्यांत मोठा. शेजारचं ‘मिलिग्रॅम’ कुणी वाचत नाही. हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम, म्हणजे हे एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. दुसरा सापळा बेरजेचा. कुणीतरी सगळे ग्रॅम आणि २६ मिळवून सव्वाशेच्या वर जातं. शंभर ग्रॅमच्या फोडीत सव्वाशे ग्रॅम कसं मावलं? किलोकॅलरी हे वजन नाही, जळणाचं माप आहे, हे तिथल्या तिथं कळतं.

चौथीला शेकडेवारी नको. त्याऐवजी दहा बाय दहाच्या शंभर चौकटी आखा. ९२ निळ्या, साडेसहा पिवळ्या, एक लाल. चौकटींचा तो निळा समुद्र बघून भोपळा म्हणजे पाण्याचं मडकं हे डोळ्यांतून आत जातं. विश्वास बसत नसेल तर पडताळा घ्या. शंभर ग्रॅम गर पातळ किसायचा, ताटात पसरायचा आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळवायचा. रोज वजन करून लिहायचं. आमचा चौथ्या दिवशी ११ ग्रॅमवर थांबला. तक्त्याप्रमाणे आठ यायला हवे होते. मुलांना वाटलं तक्ता खोटा. मग एकानं कीस चुरून बघितला, आतून अजून चिवट होता. ते तीन ग्रॅम पाणीच असणार, असं वर्गानं ठरवलं. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. कोल्हापूरच्या जुलैत भोपळा वाळत नाही, त्याला बुरशी येते.

मोठेपणाचे तक्ते

‘जगातला सर्वांत जड भोपळा’ हा विषय पोरांना हमखास आवडतो आणि सगळ्यांत जास्त फसवाफसवी याच तक्त्यांत असते. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत २७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२४७ किलोंचा भोपळा विक्रमी ठरला. शेतकऱ्याच्या पोराला किलोपेक्षा क्विंटल लवकर कळतो : जवळजवळ साडेबारा क्विंटल. गुऱ्हाळावर वाढलेल्यांसाठी ३० किलोच्या गुळाच्या रव्यात मोजा, एकेचाळीस रवे भरून वर थोडं उरतं. एकीचं म्हणणं पडलं, यात गोष्टीतली म्हातारी लेकीसकट बसली असती.

आता तोच आकडा पट्टीवर दाखवायला सांगा. आपल्या चार किलोच्या भोपळ्याला एक सेंटिमीटर दिला, तर त्याला तीन मीटरच्या वर पट्टी लागते. वर्गाच्या भिंतीवरून ती छतापर्यंत जाते. मुलं बाकावर चढून कागद चिकटवतात. छापील तक्त्यात मात्र दोन भोपळे शेजारी असतात, एक लिंबाएवढा, दुसरा कलिंगडाएवढा, आणि आकडे खाली. ते चित्र मापात नाही हे सांगायला मुलांना आता कुणी लागत नाही.

याहून बारीक लबाडी अशी : दुप्पट दाखवायचं म्हणून भोपळ्याचं चित्र दुप्पट उंच काढतात, आणि ते दुप्पट रुंदही होतं. चौकटीच्या कागदावर दोन बाय दोनचा चौकोन काढा, चार घरं. चार बाय चारचा काढा, सोळा घरं. दुप्पट म्हटलं आणि चौपट दाखवलं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत असली चित्रं शोधून आणायला सांगा. रविवारच्या एका पुरवणीत चार-पाच तरी सापडतात.

तक्त्याच्या तळाशी वर्ष दिलंय का तेही बघायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये १२७८ किलोंच्या पुढचा भोपळा तोलला गेला आणि २०२३ चा विक्रम मागं पडला. वर्ष नसलेला ‘जगातला सर्वांत जड’ हा तक्ता वाचायचा कसा, यावर वर्गात पाच मिनिटं बोला.

नकाशा

हा भाग छोटाच ठेवा. अमेरिकेचा नकाशा आणि त्यात इलिनॉय राज्य गडद रंगवलेलं, असा भोपळ्याचा तक्ता सहज मिळतो, कारण तिथं भोपळ्याचं मोठं पीक येतं. मुलांनी त्यात कोल्हापूर शोधलं. नकाशा कुठला हे आधी विचारायचं, गडद म्हणजे जास्त का कमी हे सूचीत बघायचं, आणि मग वाचायचं. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका गुहेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. तिथून आपल्याकडं बाण काढा. हा बाण जीवनचक्रातल्या बाणासारखा नाही, हा प्रवासाचा. आजीच्या भरताचा भोपळा मूळचा परदेशी, हे मुलांपेक्षा घरच्यांना जास्त लागतं. दात कोरलेल्या नारिंगी भोपळ्यांचा, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनचा विषयही इथंच उरकून टाका. आमच्यातल्या एकानं तो एका वाक्यात संपवला : ‘आपण कोहळा फोडतो, ते डोळे कोरत्यात.’

आता मुलांनी काढायचं

वाचता आलं की नाही हे प्रश्नपत्रिकेपेक्षा इथं कळतं. उरलेल्या भोपळ्याचे घारगे करायचे आणि त्याची कृती चित्रांत मांडायची, तीही अशी की दुसरीतल्या मुलाला एक शब्द न विचारता समजेल. शब्द कमीत कमी, सूची हवी, मापं हवीत, बाण हवेत. गट करू नका, जोड्या करा. गटात एकजण काढतो आणि बाकीचे रबर शोधतात.

कृती सोपी आहे : भोपळा किसायचा, गूळ घालून शिजवायचा, गार झाल्यावर चिमूट मीठ आणि गव्हाचं पीठ घालून मळायचं, थापायचं, तेलात तळायचं. कीस दोन वाट्या, गूळ एक वाटी, इथपर्यंत सगळ्यांचं छान चाललं. पीठ आलं आणि सगळे अडले. घरी विचारून आलेल्या प्रत्येकाकडं एकच माप होतं : ‘मावेल तेवढं.’ गर किती ओला, गूळ किती पाझरला, यावर ते ठरतं, वाटीत सांगता येत नाही. कुणी दोन वाट्या लिहून मोकळं झालं. कुणी प्रश्नचिन्ह काढलं. एका जोडीनं पिठाच्या डब्यापुढं लांबलचक बाण काढून सोडून दिला, त्याचं क्रियापद त्यांना सापडेना.

पहिल्या दिवशी ‘चार भोपळ्यांसाठनं कोण बाजारला जातंय’ विचारणारीच पोरगी शेवटपर्यंत बसून होती. तिच्या कागदावर पिठाच्या जागी बांगड्या घातलेले सुरकुतलेले हात होते, ओळीनं तीन. मी कोपरा वाचला. तिथं सूचीत लिहिलं होतं : एक हात = आजी बास म्हणेपर्यंत.